विषय: बंदरावरच्या नाविक मिशनला दिवाळीत काय द्यायचं?

प्रेषक: सेवा समिती
प्रति: सर्व सदस्य

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीत बाल्टिमोर बंदरात येणाऱ्या भारतीय नाविकांसाठी काहीतरी करावं असं बैठकीत ठरलं. नाविकांची विचारपूस करणाऱ्या छोट्या ख्रिस्ती संस्था बंदरावर आहेत. त्यांच्यामार्फत घरच्या फराळाचे १०० डबे जहाजांवर पोचवावेत अशी कल्पना आहे. डबे स्टीलचे घ्यावेत की प्लॅस्टिकचे, ते कुठे नेऊन द्यायचे, आणि जहाजावर जाऊन भेटता येईल का, हे माहीतगारांनी कृपया कळवावं. मुलांनाही सोबत न्यायची इच्छा आहे.

सेवा समिती

प्रेषक: बंदरावर जाणारी स्वयंसेविका

नमस्कार,

कल्पना मनापासून आवडली. पण घरचा फराळ नको, आणि डबे तर कुठलेच नकोत.

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी एखाद्या ऑफिसरच्या ताब्यात असते. भर अटलांटिकमध्ये २२ माणसांची पोटं बिघडली तर जबाबदारी कॅप्टनवर येते. त्यामुळे घरून केलेलं तो हसून घेईल, पण मेसमध्ये वाढू देईलच असं नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट, त्यावर घटक आणि तारीख छापलेली, असं असेल तर अडचण येत नाही. बाकरवडी, चिवडा, सोनपापडी, शंकरपाळी सगळं पाकिटात मिळतं. शेंगदाणा असलेली पाकिटं वेगळ्या पिशवीत ठेवा.

डब्यांचं म्हणाल तर, परदेशातून आलेल्या जहाजावरचा उरलेला खाद्यपदार्थ आणि त्याला लागलेलं वेष्टन इथल्या कृषी खात्याच्या लेखी नियंत्रित कचरा आहे. तो जाळावा लागतो किंवा २१२ अंश फॅरनहाइटवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक करावा लागतो. म्हणजे खरकटा डबा परत आणता येत नाही. जहाजावरची मंडळी आग्रहाने हातात संत्रं किंवा केळं ठेवतात. ते तिथेच खा, पर्समध्ये टाकून गेटबाहेर आणू नका. प्रेमाने दिलेल्या फळावरूनसुद्धा दंड होऊ शकतो.

आता गरज कशाची आहे ते. मिशनला सगळ्यात जास्त कमी पडतात ते नाविकांना दुकानात ने-आण करणाऱ्या व्हॅनचे ड्रायव्हर. गाड्या उतरवणारं रो-रो जहाज कधी अर्ध्या दिवसात निघतं, कंटेनरचं बहुधा दिवसभरात. कोळशाचं जहाज धक्क्यावर दोन-तीन दिवस मिळालं तर नशीब, त्याआधी ते ॲनापोलिससमोर नांगर टाकून उभं असतं आणि तिथून किनाऱ्यावर यायला लाँचचं भाडं कोणालाच परवडत नाही. धक्क्याला लागल्यावरही सगळे एकदम सुटत नाहीत. थर्ड ऑफिसर ८ ते १२, सेकंड १२ ते ४, चीफ ऑफिसर ४ ते ८ अशा पाळ्या असतात, आणि बंदरात बरेचदा सहा तास काम, सहा तास सुटी. त्या सुटीतच झोप, अंघोळ आणि जेवण. दुकानात जायला उरतात दोन-अडीच तास. व्हॅन ४० मिनिटं उशिरा आली की त्या माणसाचं अमेरिकेत उतरणं तिथेच संपलं.

म्हणून शनिवार-रविवारी दुपारी १२ ते ४ आणि रात्री ८ ते १० या वेळांना दोन-दोन ड्रायव्हर नेमून दिलेत तर शंभर डब्यांपेक्षा मोठं काम होईल.

ड्रायव्हर होण्यासाठी काय लागतं: व्हॅनच्या विम्यासाठी ड्रायव्हिंग रेकॉर्ड द्यावं लागतं. ड्रायव्हर धरून १५ आसनांपर्यंतच्या व्हॅनला व्यावसायिक लायसन्स लागत नाही, १६ पासून लागतं. पण १५ आसनी व्हॅनमध्ये दहापेक्षा जास्त माणसं बसली की ती उलटण्याचा धोका खूप वाढतो, तेव्हा दहावर थांबा. परतीला प्रत्येकाच्या हातात तांदळाची गोण, सूटकेस, कधी टीव्ही असतो. जड सामान मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. टपावर काही बांधू नका.

टर्मिनलच्या आत एकट्याने जायला ट्विक कार्ड (बंदरात फिरण्याचं सरकारी ओळखपत्र) लागतं. बोटांचे ठसे देऊन ते काढायचं, पाच वर्षं चालतं. दोन महिने हाताशी धरून अर्ज करा, म्हणजे यंदाच्या दिवाळीला मिळणार नाही, नाताळच्या कामाला मिळेल. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि एच-१बीसह काही व्हिसांवर ते मिळू शकतं. एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) असलेल्यांनी फी भरण्याआधी विचारून घ्यावं. कार्ड नसेल तर कार्डधारकाने सोबत राहायचं. मुलांना धक्क्यावर आणू नका. क्रेन, ट्रक आणि कोळशाची धूळ यांत ती जागा त्यांची नाही. मुलांनी शुभेच्छापत्रं करावीत, ती मेसच्या फळ्यावर लागतात आणि बरेच महिने तिथेच असतात.

कपडे: बंद सेफ्टी शूज, हेल्मेट, चमकणारं जाकीट. साडी, ओढणी, चपला नकोत. शिडीवर एक हात कायम मोकळा हवा, म्हणून सामान पाठीवरच्या पिशवीत. बाल्टिमोरला भरती-ओहोटीचा फरक फारसा नाही, पण कोळसा भरताना जहाज काही मीटर खाली बसतं. सकाळी उभी वाटलेली शिडी संध्याकाळी जवळजवळ आडवी झालेली असते, आणि वेळेत जुळवली नसेल तर तिचं टोक धक्क्यावर घासत असतं. पहाऱ्यावरच्या माणसाने हात केल्याशिवाय पाय ठेवू नका. वर गेलं की नोंदवहीत सही, ओळखपत्र, आणि मग ड्युटी ऑफिसरला विचारून मेसमध्ये. फोटो नाहीत. जहाजाचं नाव फेसबुकवर टाकू नका.

प्रेषक: एक सदस्य

ताईंनी फार उपयोगी माहिती दिली. मनात आहे ते स्पष्ट विचारतो, राग नसावा. ही मिशनरी संस्था आहे. आपण फराळ घेऊन जायचा आणि त्यासोबत धर्मप्रचाराची पत्रकं जायची, असं होणार नाही ना? मंडळात सगळ्या विचारांची माणसं आहेत, हा प्रश्न उद्या कोणीतरी विचारेलच.

प्रेषक: बंदरावर जाणारी स्वयंसेविका

प्रश्न रास्त आहे, राग कशाला?

या कामाचं मूळ धर्मातच आहे. १८३५ मध्ये जॉन ॲशली या इंग्रज पाद्र्याने ब्रिस्टलच्या खाडीत नांगरलेल्या जहाजांकडे कोणीच फिरकत नाही हे पाहून नावेतून त्यांच्याकडे जायला सुरुवात केली. त्यातून पुढे १८५६ मध्ये अँग्लिकन मिशन उभं राहिलं, कॅथलिकांचं काम १९२० मध्ये ग्लासगोत सुरू झालं. आजही जहाजावर चढणारा माणूस बहुधा पाद्री किंवा चर्चमधला स्वयंसेवक असतो आणि तो ते लपवत नाही. मात्र या संस्थांच्या जागतिक संघटनेची आचारसंहिता आहे: कुठल्याही देशाच्या, कुठल्याही धर्माच्या नाविकाची सेवा करायची आणि त्याच्या श्रद्धेचा मान ठेवायचा. मिशनच्या केंद्रात टेबलावर बायबल असतं, हवं त्याने घ्यावं. फिलिपिनो नाविकांना नाताळची प्रार्थना हवी असते, ती होते. भारतीय जहाजावर गणपतीची तसबीर आणि बॅटरीचा दिवा असतो, तिथे पाद्री बूट काढून आत जातो.

आपल्याकडूनही तेवढंच अपेक्षित आहे. पाकिटांवर मंडळाचं नाव छापू नका, आणि भारतीय नाविकांना वेगळं काढून वाटप करू नका. २२ जणांत १२ भारतीय, ६ फिलिपिनो, ४ युक्रेनियन असतील तर २२ पाकिटं न्या, वर दोन जादा. आकडा जहाजाच्या बंदरातल्या एजंटकडून आदल्या दिवशी मिळतो.

प्रेषक: निवृत्त चीफ इंजिनीअर

मंडळी,

ताईंनी धक्क्याकडची बाजू सांगितली, जहाजाकडची थोडी मी सांगतो.

पहिलं म्हणजे व्हिसा. प्रत्येक नाविकाचा स्वतंत्र सी१/डी व्हिसा (जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा) हवा. जहाज आलं की सीबीपीचे (सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा खात्याचे) अधिकारी तपासून उतरण्याचा परवाना देतात, जास्तीत जास्त २९ दिवसांचा. व्हिसा नसलेला माणूस धक्क्यावर पायही ठेवू शकत नाही. २६ मार्च २०२४ ला ‘डाली’ जहाज इथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं, पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावर २१ जण होते, त्यांत २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा. २० मेपर्यंत जहाज जागचं हललं नाही. चौकशीसाठी एफबीआयने त्यांचे फोन घेतले, फोनबरोबर बँकेचे ॲप आणि घरच्यांचे नंबरही गेले. तेव्हा तात्पुरते फोन, सिम आणि खाण्याचं सामान या बंदरावरच्या छोट्या संस्थांनी पोचवलं. मोठं काही लागलं नाही, पण ते नेऊन देणारं तिथे कोणीतरी असावं लागलं.

उतरता न येणाऱ्यांसाठी खरेदी करून द्यायची असते. पद्धत अशी ठेवा: प्रत्येकाचं वेगळं पाकीट, वर नाव आणि रँक, आत यादी आणि डॉलर. कॅप्टन जहाजावरच्या रोखीतून पगारात वळते करून पैसे देतो. खरेदी झाली की पावती आणि सुटे त्याच पाकिटात. सगळ्यांचे पैसे एका खिशात घातले की शेवटी २० डॉलर जुळत नाहीत आणि संशय बिचाऱ्या डेक कॅडेटवर जातो.

वस्तू घेताना दोन चुका कायम होतात. जहाजावर केबिनमध्ये २२० व्होल्ट असतात. ट्रिमर, राइस कुकर घेताना खालच्या पट्टीवर १००–२४० लिहिलंय का पाहा. १२० लिहिलं असेल तर पहिल्याच दिवशी जळेल. दुसरं, अमेरिकेत विकलेल्या आयफोनला १४ व्या मॉडेलपासून सिमची खाच नाही. पुढच्या बंदरात घेतलेलं साधं कार्ड त्यात जाणार नाही. दुकानात उभं असतानाच हे सांगा.

सिम: ठरावीक दिवसांचं नको, ठरावीक डेटाचं घ्या. चालू करताना इथला झिप कोड विचारतात, केंद्राचा द्या. पोलादी भिंतींच्या आत सिग्नल पोचत नाही, म्हणून मिशन खिशात मावणारा वायफाय राउटर उसना देतं. तो मेसच्या खिडकीला टेकवून ठेवायचा. १०-१२ फोन जोडले आणि कोणी सिनेमा उतरवायला लागला की बाकीच्यांचे घरचे व्हिडिओ कॉल अडकतात, म्हणून कुकला किंवा बोसनला (खलाशांच्या मुकादमाला) सांगून वेळा ठरवून द्या. जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट चढायच्या आत राउटर परत घ्या. एकदा शिडी उचलली की तो थेट भारतात जातो, कारण इथला कोळसा मोठ्या प्रमाणावर तिकडेच जातो.

आता महत्त्वाचं. मेसमध्ये गप्पा मारताना “पगार वेळेवर होतो ना?” हे एकट्याला, बाजूला, मराठीत किंवा हिंदीत विचारा. फ्रीझरमध्ये नुसता भात आणि कोबी, पिण्याच्या पाण्याचं रेशनिंग, रात्री जनरेटर बंद, ही लक्षणं दिसली तर सावध व्हा. दोन महिने पगार थकला, किंवा मालकाने अन्नपाणी तोडलं, किंवा घरी पाठवायला नकार दिला, तर सागरी कामगार कराराप्रमाणे ते जहाज मालकाने टाकून दिलेलं ठरतं. १८ जानेवारी २०१७ पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा पगार, अन्न आणि घरी परतीचा खर्च विमा कंपनीने द्यायचा असतो. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर दिसेल असं लावलेलं असतं, त्यावर विमा कंपनीचा फोन असतो. नाविकाला ते दाखवा. अमेरिकेने हा करार मान्य केलेला नाही, पण पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं यांनी केला आहे आणि इथे येणारी बरीचशी जहाजं त्यांच्याच झेंड्याखाली असतात. शिवाय इथल्या कायद्यात थकलेला पगार हा जहाजावरचा बोजा आहे. फेडरल कोर्टाच्या हुकमाने मार्शल (कोर्टाचा अंमलबजावणी अधिकारी) जहाज अडवू शकतो.

पण तुम्ही परस्पर कंपनीला फोन करू नका. मुलाचं नाव भरती करणाऱ्या एजंटच्या काळ्या यादीत गेलं की रत्नागिरीत बसलेल्या आईबापांच्या डोक्यावरचं कर्ज फिटायचं राहतं. त्याची परवानगी घ्या आणि मिशनच्या पाद्र्याला सांगा. तो आयटीएफच्या (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) निरीक्षकाला गाठतो. भारतीय नाविकासाठी मुंबईचं डीजी शिपिंग हे सरकारी कार्यालय आणि नुसी (खलाशांची) किंवा एमयूआय (ऑफिसरांची) या युनियन आहेत. आणि कोणालाही “दोन दिवसांत सोडवतो” असं म्हणू नका. ती मंडळी त्या वाक्यावर महिनाभर जगतात.

प्रेषक: सेवा समिती

ताई, चीफसाहेब, मनापासून आभार. डब्यांचा बेत रद्द केला. १०० सीलबंद पाकिटं घेतो, आणि सहा जणांनी ड्रायव्हिंगसाठी नावं दिली आहेत. देणगीची पावती मिळते का? आणि मिशन नाताळात नाविकांना भेटीची खोकी देतं, त्यांतही हातभार लावावा म्हणतो, त्यांत काय भरायचं?

प्रेषक: बंदरावर जाणारी स्वयंसेविका

पावती मिळते, संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असल्याची खात्री करून घ्या. तुम्ही नोकरी करता त्या कंपनीकडून तेवढीच भर घालून देणगी दुप्पट करून घ्यायची असेल तर आधी पाहा, काही कंपन्या धार्मिक संस्थांना वगळतात. वजावटी तपशीलवार दाखवणाऱ्यांना स्वतःच्या गाडीच्या फेऱ्यांसाठी मैलामागे १४ सेंट धरता येतात. दिलेल्या वेळेचे काही धरता येत नाहीत.

खोकं बुटांच्या खोक्याएवढं. लोकरीची टोपी (गडद रंगाची, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ), जाड मोजे, हातमोजे, लिप बाम, साबण, टूथपेस्ट, पत्त्यांचा कॅट, वही-पेन. काच, स्प्रेचे डबे, दारू, मांसाचे पदार्थ नकोत. वरून कागद गुंडाळा, पण झाकण चिकटवू नका, गेटवर उघडून पाहतात. ज्यांना विणता येतं त्यांनी आत्ताच सुया काढा. न्यूयॉर्कच्या सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूटमधल्या बायका १८९८ पासून नाविकांसाठी विणताहेत, नमुने त्यांच्याकडे मोफत मिळतात.

ड्रायव्हर मंडळींनी या शनिवारी ११ वाजता केंद्रावर यावं, बंद बूट घालून. येताना भारतीय दुकानातून कढीपत्त्याच्या आठ-दहा जुड्या आणा. कोळशाच्या धक्क्याला जहाज लागलंय, कुक आपल्याकडचा आहे आणि कढीपत्ता संपल्याचा निरोप आहे. एजंटमार्फत कॅप्टनला विचारून ठेवलंय, जुड्या थेट गॅलीत (जहाजावरच्या स्वयंपाकघरात) द्यायच्या आणि देठसुद्धा परत आणायचे नाहीत.