कसारा घाटासह 200 किमीची बीआरएम: गिअर बदलावेत की पाय तयार करावेत?

मुलुंडकर_46:
नमस्कार. गेले सव्वा वर्ष मी रोड सायकल चालवत असून नोव्हेंबरमधील 200 किमीच्या बीआरएमसाठी (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) पहिल्यांदाच नाव नोंदवले आहे. मार्ग ठाण्याहून पडघा, शहापूरमार्गे कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आणि तेथून परत असा आहे. सकाळी 6 वाजता सुटून साडेतेरा तासांत, म्हणजे संध्याकाळी साडेसातपर्यंत, पोहोचायचे आहे. सपाटीवर ताशी 20 किमीचा वेग मला सहज जमतो. घाटाचे मात्र भय बसले आहे, कारण गेल्या महिन्यात एकटाच सरावाला गेलो असता घाटाच्या तिसऱ्या वळणावर दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की कठड्याला सायकल टेकवून वीस मिनिटे पाय चोळत बसलो आणि अखेर कसाऱ्याहून लोकलच्या मालडब्यातून घरी आलो. माझ्या सायकलला पुढे 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रे आणि मागे 11-28 ची कॅसेट (11 ते 28 दात्यांच्या चक्रांचा संच) आहे. कॅसेट बदलावी का? आणि घाटापुरती भावाची गाडी मागे ठेवलेली चालते का?

चढाचा_हिशेब:
कॅसेट अवश्य बदला, पण का बदलायची ते आधी पाहा. पुढे 34 आणि मागे 28 दाते असताना पॅडलच्या एका फेऱ्यात आपली सायकल सुमारे 2.55 मीटर पुढे जाते. घाटात 8 चा वेग धरला तर मिनिटाला जेमतेम 52 फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पायाला जोर लावून पॅडल अक्षरशः दाबावे लागते. मागे 34 दाते घेतल्यास त्याच वेगाला 63 फेरे होतील. काम तेवढेच राहते, परंतु ते स्नायूंवरून थोडे श्वासावर सरकते, आणि दम लागला तर तो दोन मिनिटांत परत येतो, गोळा आलेली पोटरी तितक्या लवकर परत येत नाही. याच घाटातून जाणाऱ्या रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही, तरी गाड्यांना कसाऱ्याला बँकर इंजिने, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने, जोडावी लागतात. रस्त्याचे काही टप्पे तर त्याहून बरेच उभे आहेत. आपल्यामागे ढकलायला कोणी नसते, तेव्हा दाते वाढवण्यात कमीपणा मानू नये.

आता वेळेकडे या, कारण माझ्या मते आपली खरी अडचण तेथे आहे. साडेतेरा तास ऐकायला ऐसपैस वाटतात, पण मधल्या कंट्रोलची, म्हणजे वाटेत हजेरी नोंदवायच्या ठिकाणाची, वेळ ताशी 15 किमीच्या हिशेबाने संपते. म्हणून 100 किमीवरचा कंट्रोल सुटल्यापासून 6 तास 40 मिनिटांनी, म्हणजे 12 वाजून 40 मिनिटांनी बंद होतो, आणि आपल्या मार्गावर संपूर्ण चढ त्याच्या अलीकडे आहे. सपाटीचे 90 किमी 20 ने गेलात तर साडेचार तास आणि घाटाचे 10 किमी 7 ने धरले तर जवळपास 1 तास 25 मिनिटे लागतील. उरतात 45 मिनिटे, आणि त्यांतच चहा, पाणी, लघवी, पंक्चर हे सगळे बसवायचे आहे. मी पहिल्या वर्षी शहापूरला मिसळ मागवली, ती यायलाच पंचवीस मिनिटे लागली, आणि पुढे घाट न थांबता चढूनही मी कंट्रोलवर चार मिनिटे उशिरा पोहोचलो. परतीला उतार असल्यामुळे वेळच वेळ मिळतो. मिसळ तेव्हा खावी.

ब्रेव्हेवाला:
भावाच्या गाडीविषयी: ती सोबत चालवता येणार नाही. खासगी मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. रस्त्यात गाडी मागे ठेवून साहाय्य घेतल्यास राइड बाद होते. भावाला इगतपुरीच्या कंट्रोलवरच केळी घेऊन उभे करा.

डोंबिवलीची_राधिका:
पोटऱ्यांतील गोळ्यांचे सगळे खापर गिअरवर फोडू नये, असे मला वाटते. त्या दिवशी कसाऱ्यापर्यंत आपण काय प्यायलात? नोव्हेंबरमध्येही पडघ्यापासून पुढे दहा वाजल्यानंतर डांबर तापते, जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, आणि आपण मात्र नुसते पाणी पीत राहतो. मी एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत लिंबू, साखर व मीठ घातलेले पाणी ठेवते, दर वीस मिनिटांनी तहान नसतानाही दोन घोट घेते आणि शेंगदाण्याच्या चिकटलेल्या चिक्कीऐवजी राजगिऱ्याची वडी खिशात ठेवते, कारण चढावर दाणे चावताना श्वास अडतो.

घाटात शिरताना पहिल्या वळणाआधीच हलका गिअर टाकावा. जोर लावलेला असताना गिअर बदलल्यास चेन कुरकुरते आणि कधी उतरतेही. ट्रकवाल्यांचा मला फारसा त्रास झालेला नाही, कारण चढावर तेही आपल्याइतकेच रखडतात. क्लच जळाल्याचा वास मात्र नाकात बसतो. घाटनदेवीचे मंदिर दिसले की चढ सरत आला असे समजावे. उतरताना एकसारखा ब्रेक धरून ठेवू नये, वळणाआधी दाबावा आणि वळणात सोडावा.

मुलुंडकर_46:
सर्वांचे आभार. त्या दिवशी नुसते पाणीच प्यायलो होतो, तेही दीड लिटर, हे कबूल करतो. दुकानदाराने माझ्या आखूड डिरेलरवर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) 34 दाते बसणार नाहीत असे सांगितल्यामुळे 11-32 ची कॅसेट घेतली आणि चेन नवीन टाकली. वरील हिशेबाने 8 च्या वेगाला 60 फेरे होतात. काल सकाळी येऊरचा चढ सलग चार वेळा चढलो. पोटरी एकदाही धरली नाही, मात्र चौथ्या फेरीत लिंबूपाणी संपले होते, त्यामुळे आता तिसरी बाटली कोठे अडकवावी याचा शोध चालू आहे. भावाला केळ्यांचे सांगून ठेवले आहे.