'मोअर बेटर' का नको?

प्रश्न : 'क्लेव्हरर' म्हणायचं की 'मोअर क्लेव्हर'? आणि 'मोअर बेटर'मध्ये काय चुकतं?

उत्तर : 'क्लेव्हर'ला दोन्ही रूपं चालतात. इंग्रजीत तरभावाचं ('जास्त') आणि तमभावाचं ('सर्वांत जास्त') रूप बहुतेक वेळा शब्दाच्या उच्चारात किती खंड पडतात त्यावर ठरतं. एकच खंड असेल तर टॉल, टॉलर, टॉलेस्ट. तीन किंवा जास्त असतील तर मोअर आणि मोस्ट. पेच पडतो तो दोन खंडांच्या शब्दांत. शेवटी वाय असेल तर सहसा 'हॅपिअर'सारखं रूप होतं, 'केअरफुल', 'फेमस' यांना मोअरच लागतं, आणि सिंपल, नॅरो, क्वाएट दोन्हीकडे जातात. 'अनहॅपी'चे खंड तीन, तरी 'अनहॅपिअर' चालतं. उलट 'टायर्ड', 'बोअर्ड' आखूड असूनही मोअर घेतात, कारण ती क्रियापदावरून आलेली रूपं आहेत.

'मोअर बेटर' आपल्या तोंडी येतं ते मराठीच्या सवयीने. 'ती माझ्यापेक्षा उंच आहे' यात तुलनेचा सगळा भार 'पेक्षा' उचलतो, 'उंच' तसाच राहतो. जोर द्यायचा तर 'उंच'च्या आधी 'जास्त' लावायचं. इंग्रजीत 'दॅन' तर लागतोच, शिवाय विशेषणही बदलावं लागतं. म्हणून कुणी 'टॉल दॅन मी' म्हणतं, कुणी 'मोअर टॉलर'. 'बेटर'मध्ये 'जास्त' आधीच आलेलं आहे. आणखी जोर हवा असेल तर 'मच बेटर' म्हणा.

असं दुहेरी रूप इंग्रजीतही रुळलेलं सापडतं. 'निअर' हे मुळात 'नाय' (जवळ) या जुन्या शब्दाचं तरभावी रूप, 'नेक्स्ट' तमभावी. पुढे 'निअर' साधं विशेषण वाटू लागलं आणि त्यावर 'निअरर' झालं. 'लेस'वरून 'लेसर' तसंच. आपलं 'सर्वश्रेष्ठ' याच जातीचं, कारण 'श्रेष्ठ' संस्कृतात तमभावीच आहे. त्यातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकाच मूळ भारोपीय (संस्कृत आणि इंग्रजी ज्या भाषाकुळातल्या, त्या कुळाच्या) प्रत्ययातून आले आहेत, हे मला फार सुंदर वाटतं.

प्रश्न : मग 'सीनियर दॅन' की 'सीनियर टू'?

उत्तर : 'सीनियर टू'. सीनियर, ज्युनियर, सुपीरिअर ही लॅटिनमधली तरभावी रूपं, त्यांना 'टू' लागतं. 'मोअर सीनियर दॅन' हेही आता मान्य आहे, पण 'सुपीरिअर दॅन' टाळा. 'एल्डर'चंही जपून : 'एल्डर ब्रदर' बरोबर, पण तुलना करताना 'ओल्डर दॅन मी'.