मदत हवी आहे: जानेवारीत डिस्नेची १० किमी शर्यत, सराव पांदण रस्त्यावर

नमस्कार मंडळी,

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले, वय ५९. आयुष्यात कधी पळाले असेन तर एसटीच्या मागे.

लेक फ्लोरिडात, टँपाला असते. जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार. तर तिनं मला न विचारता ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅरेथॉन वीकेंडला आम्हा मायलेकींचं नाव टाकलं. तिथं चार दिवस शर्यती असतात. गुरुवारी ५ किमी, शुक्रवारी १०, शनिवारी अर्धी मॅरेथॉन, रविवारी पूर्ण. आमची शुक्रवारची. "आई, तू रोज वावरात पायी जातेस, तुला काय अवघड?" पैसे परत मिळत नाहीत म्हणे, आणि नाव दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. म्हणजे सुटका नाही.

पहाटे ५ ला सुरुवात, याचं मला काही वाटत नाही, काकड्याला उठायची सवय आहे. भीती वेगळीच. "मैलाला १६ मिनिटं" असा नियम आहे आणि मागे पडलं तर गाडीत बसवून नेतात, असं लेक हसत हसत सांगते. मला हसू येत नाही. नुसतं चालून जमेल का? आणि सराव कसा करू? सोयाबीन निघालंय, वेचणी सुरू आहे, पांदणीवर बैलगाड्या. काल डांबरी रस्त्यावर जरा पळाले तर दोघांनी थांबून विचारलं, "काहून वो मॅडम, बस सुटली का?"

पळपुट्या:
ताई, मी तिथली अर्धी मॅरेथॉन धावलोय. शेवटून मोजलं तर लवकर सापडेन.

मैलाला १६ मिनिटं म्हणजे किलोमीटरला साधारण १० मिनिटं. तुमच्या १० किमीला जवळजवळ १ तास ३९ मिनिटं मिळतात. वावरात जायची चाल किलोमीटरला १२ मिनिटांची असते, म्हणून नुसत्या चालीवर विसंबू नका. पण पूर्ण पळायचीही गरज नाही. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी थोडं पळा-थोडं चाला ही पद्धत अमेरिकेत रुजवली, आणि डिस्नेच्या शर्यतींत निम्मी जनता तसंच करताना दिसते.

दुसरं म्हणजे हे घड्याळ तुमच्यापासून नाही, सगळ्यात शेवटचा माणूस सुरुवातीची रेघ ओलांडतो तिथून धरतात. गटागटाने सोडतात. पुढच्या गटात असाल तर तेवढी मिनिटं पदरात पडतात. आधीच्या शर्यतीची नोंद नसेल तर मागच्या गटात टाकतात, तेव्हा तुमची बहुतेक मागेच सोय होईल. शेवटी फुगे बांधलेल्या बायका बरोबर त्या १६ मिनिटांच्या चालीने येत असतात. त्या मागे दिसल्या की समजा फाटकाची घंटा वाजली.

आणि फोटो! वाटेत मिकी वगैरे मंडळी उभी असतात, त्यांच्यापुढे रांगा लागतात. माझी ११ मिनिटं एका रांगेत गेली. लेकीला आधीच सांगून ठेवा, एकच फोटो.

सेलूकर:
काकू, खांब मोजा. आमच्याकडची पोट्टी पोलीस भरतीचा सराव तसाच करतात. विजेचे तीन खांब पळायचं, दोन खांब चालायचं. बोलता आलं पाहिजे एवढाच वेग. दम लागून शब्द तुटले तर एक खांब कमी. आठवड्यातून तीन दिवस बस झाले, त्यातला एक लांबचा, दर वेळी थोडा वाढवत ८-९ किमीपर्यंत न्या. वेचणीच्या दिवशी पळू नका, दिवसभर वाकून कंबर आधीच गेलेली असते.

या वयात सुरुवात करण्याआधी डॉक्टरला दाखवून ईसीजी काढून घ्या. कुत्र्यांसाठी हातात काठी ठेवा. फेकायची नाही, नुसती दाखवायची.

मास्तरीण (धागाकर्ती):
दोघांचेही आभार. आज पहाटे किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळ लावून गेले. ११ मिनिटं ४० सेकंद. मध्ये एक कुत्रं आडवं आलं, तेव्हा जरा वेग वाढला.

अजून विचारते. तिकडे लोक वेश करून पळतात म्हणे. नऊवारी चालेल का? आणि थंडीचं काय?

पळपुट्या:
वेश चालतो, तोंड झाकणारा मुखवटा मात्र मोठ्यांना चालत नाही. नऊवारी नेसायचीच असेल तर इथेच निदान दोनदा ५-६ किमी पळून बघा. काष्टा मांडीला कुठे घासतो ते तिसऱ्या किलोमीटरनंतर कळतं. तिथे व्हॅसलीन लावा. बूटही आत्ताच घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालणं म्हणजे नखांचा बळी.

जानेवारीची पहाट तिकडे कधी ५-६ अंशांची, कधी १८ ची. जुना स्वेटर अंगावर ठेवा आणि सुटताना काढून टाका, असे टाकलेले कपडे दान करतात. सुरुवातीच्या ठिकाणी दोन तास उभं राहावं लागतं, खाली बसायला एखादं जुनं पोतं न्या. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला आदल्या दिवशीपर्यंत स्वतः जावं लागतं, पासपोर्ट सोबत ठेवा. बिबवर पार्क फिरता येत नाही, त्याचं तिकीट वेगळं.

सेलूकर:
आणि काकू, जेटलॅगला घाबरू नका. तिकडे पहाटेचे ५ म्हणजे आपली दुपारची साडेतीन. पोचल्यावर सुरुवातीला २-३ वाजता आपोआप डोळे उघडतात. शर्यत त्याच दिवसांत आली तर फायदाच.

मास्तरीण:
आम्ही शर्यतीच्या चार दिवस आधी पोचतोय, म्हणजे जमलं. आमचे हे म्हणताहेत, मी पोतं घेऊन उभा राहतो. उद्यापासून खांब. नऊवारीचं दिवाळीनंतर पळून बघते आणि इथेच कळवते.