फुटलेला फोटो पेटंटशी जुळतो म्हणून खरा?

खटपट्या: निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीचा नवा कन्सोल 'एनएक्स' (पुढे ज्याचा स्विच झाला) गुलदस्त्यात होता तेव्हाची गोष्ट. मार्च २०१६ मध्ये त्याच्या कंट्रोलरचे म्हणून दोन फोटो फुटले. लंबगोल अंग, पुढे नुसता स्क्रीन, त्यातून वर आलेल्या दोन स्टिक. काही दिवसांतच बनवणारे दोघेही स्वतःहून पुढे आले, की हे आम्हीच केलंय. त्यातला एक तर 3डी प्रिंटरची करामत! फोटो खरे आहेत अशी मी मित्राशी पैज लावून बसलो होतो. मिसळ माझ्या खिशातून गेली.

फसलो का? डिसेंबर २०१५ मध्ये निन्टेन्डोचं एक पेटंट उघड झालं होतं, त्यातली आकृती अगदी अशीच. पण तो कागद नकली माल करणाऱ्यालाही दिसतोच की. दुसरा फोटो आल्यावर तर आम्ही म्हणालो, "आता दोन साक्षीदार झाले." दुसऱ्यासमोर पहिला फोटो होता, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून माझं मत: पेटंटशी जुळणं हा पुरावाच धरू नका. जास्त जुळला तर जास्त संशय घ्या.

तिरपागडे: दुधाने पोळलात म्हणून ताक फुंकताय. फेब्रुवारी २०१३ मध्ये सोनीच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) कन्सोलच्या कंट्रोलरचा फोटो असाच फुटला होता. मधोमध टचपॅड बघून कित्येकांनी नाकं मुरडली. थोड्याच दिवसांत, २० तारखेला, सोनीने तो कंट्रोलर, ड्युअलशॉक ४, दाखवला, टचपॅडसकट! सरसकट संशय घेणं सोपं असतं हो, त्यात पैज हरायची भीती नाही.

भोसरीचा_डायमेकर: पोटापाण्यासाठी प्लास्टिकचे मोल्ड (साचे) करतो, म्हणून बोलतो. "शिवण नीट नाही, म्हणजे खोटा" हे ऐकलं की हसू येतं. मोल्डमधून निघालेल्या पार्टला पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) असते, आतून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे असतात, गेट (प्लास्टिक आत शिरतं ती वाट) तोडल्याची खूण असते. पण प्रोटोटाइपला (पहिल्या नमुन्याला) यातलं काही नसेलही! मोल्ड महाग पडतो, म्हणून कंपनीसुद्धा आधी प्रिंट करून, पॉलिश पेपर मारून, रंग देऊन नमुना बघते. प्रिंटचे थर दिसले म्हणून खोटा नाही, गुळगुळीत आहे म्हणून खरा नाही. मला विचाराल तर स्टिकच्या बुडाशी बघा. स्टिक पूर्ण कलंडायला भोवती मोकळी जागा लागते. भोक घट्ट असेल तर ती वस्तू फक्त फोटोपुरती.

खटपट्या: आणि फोटोत नेमकी तीच जागा अंधारात असते!

मावळतीचा_मारिओ: वस्तू कुठून आली हे कुणीच का विचारत नाही? निन्टेन्डो आणि सोनीचं १९९१ मध्ये फिसकटलं, त्या भागीदारीतलं 'निन्टेन्डो प्लेस्टेशन' २०१५ मध्ये फोटोत दिसलं. कंट्रोलर सुपर फॅमिकॉमचा (निन्टेन्डोचा जुना कन्सोल), वर छाप सोनी प्लेस्टेशनचा. लोक म्हणाले, स्टिकर चिकटवलाय. पण मालकाकडे सांगण्यासारखा माग होता: दिवाळखोर कंपनीच्या लिलावात घेतलेलं सामान. शिवाय त्याने यंत्र उघडू दिलं. मार्च २०२० मध्ये ते ३,६०,००० डॉलरला गेलं.

तिरपागडे: म्हणजे पाच वर्षं थांबायचं?

भोसरीचा_डायमेकर: नाही हो. चार स्क्रू काढा आणि आतला फोटो टाका.

खटपट्या: एनएक्सवाल्यांनी तेवढा टाकला असता, तर माझी मिसळ वाचली असती.