शब्दचर्चा: नियमातलं 'करावे', 'नये' आणि 'संदिग्ध'

रत्नागिरीकर: डिप्लोमाच्या मुलांसाठी जावातल्या डिपेंडन्सी इंजेक्शनचे, म्हणजे एका क्लासला लागणाऱ्या वस्तू बाहेरून आणून देण्याचे, नियम मराठीत उतरवतोय. जेएसआर-३३० हे जावाचं मानक आणि त्याचीच अॅनोटेशन्स (@ने सुरू होणाऱ्या खुणा) वापरणारं दुसरं मानक सीडीआय, दोन्ही २००९ची. इंजेक्टर (वस्तू आणून देणारी प्रणाली, सीडीआयमध्ये कंटेनर), बीन (ती वस्तू), क्वालिफायर (सारख्या बीनमधून हवा तो ओळखायची खूण) हे शब्द तसेच ठेवलेत, त्यांचा वाद नको. अडलंय ते क्रियापदांपाशी. ही तीन वाक्यं वाचून मुलं दोन-दोन अर्थ काढतात (मेंबर म्हणजे क्लासमधलं फील्ड किंवा मेथड; स्टॅटिक म्हणजे एकेका वस्तूचं नव्हे, अख्ख्या क्लासचं):

क) स्टॅटिक मेंबरमध्ये इंजेक्शन करण्याची गरज नाही.
ख) एकाच क्लासमधल्या फील्डांचा क्रम ठरलेला नाही.
ग) एका जागी दोन बीन लागू पडल्यास ती संदिग्धता समजावी.

दापोलीची अनुवादक: 'क'मध्ये गरज कोणाला नाही, तेच लिहिलेलं नाही. मुलगा म्हणेल, मला काही करायला नको, ते आपोआप होतं. दुसरा म्हणेल, तसं करूच नका. मूळ नियम इंजेक्टर बनवणाऱ्याला उद्देशून आहे, आणि मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य ऐटीत उभं राहतं, म्हणून चूक दिसत नाही. 'स्टॅटिक मेंबरमध्ये इंजेक्शन करणे इंजेक्टरवर बंधनकारक नाही' असं लिहा.

मालवणचे गुरुजी: ताईंचा बरोबर असा. माझा भांडण 'समजावी'शी. विध्यर्थात आपण काय काय कोंबतो बघा. 'अर्ज दोन प्रतींत करावा' ही आज्ञा, 'सकाळी लवकर उठावे' हा उपदेश, 'एकदा तरी काशी बघावी' ही इच्छा, 'एवढ्यात गाडी यावी' हा अंदाज. रूप एकच. कथेत ही श्रीमंती आहे, नियमात गोंधळ.

'नये'चंही तेच. पावसाळी बंदीत '१ जूनपासून यांत्रिक नौकांनी मासेमारी करू नये' म्हटलं की ती मनाई, मोडली तर कारवाई. आणि 'जेवल्यावर लगेच पोहू नये' हा घरातल्या म्हाताऱ्यांचा सल्ला. माका सांगा, कंटेनरान खंयचा 'नये' समजायचा?

कुडाळचा डेव्हलपर: गुरुजी, इंटरनेटच्या मानकांत हा प्रश्न १९९७ सालीच आला होता. आरएफसी २११९ या मानक-दस्तऐवजात मस्ट, शुड, मे या शब्दांचे अर्थ बांधून दिले. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम तोलून. पुढे २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने सांगितलं की हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच तो खास अर्थ धरायचा, एरवी साधं इंग्रजी. आता देवनागरीत कॅपिटल आणायची कुठून?

दापोलीची अनुवादक: म्हणून तर आपल्याला रूपंच वेगळी लागतात. मस्टला 'केलेच पाहिजे'. मस्ट नॉटला 'मनाई आहे'. 'करता कामा नये' चालेल म्हणणारे भेटतील, पण 'करू नये'शेजारी ते पटकन वेगळं दिसत नाही. शुडला 'करणे इष्ट'. आणि मेला आपलं 'केले तरी चालेल, न केले तरी चालेल'. लांब आहे, पण याहून स्वच्छ मराठी मला सापडत नाही. 'करू शकतो' टाळाच, त्यात परवानगी आणि कुवत दोन्ही शिरतात.

कुडाळचा डेव्हलपर: 'ग'बद्दल मात्र मी हटून बसणार. सीडीआयमधली संदिग्धता अजिबात धूसर नाही. समजा पेमेंट नावाचा इंटरफेस आहे आणि त्याचे दोन क्लास, दोघांवरही क्वालिफायर नाही. म्हणजे दोघांना @डिफॉल्ट हा ठरावीक क्वालिफायर आपोआप लागला. आता कुठे नुसतं @इंजेक्ट ('इथे बीन आणून दे' ही खूण) लिहून पेमेंट मागितलं, तर दोघंही तंतोतंत बसतात. कंटेनर आधी त्यांत कोणी @अल्टरनेटिव्ह, म्हणजे दुसऱ्याऐवजी वापरायचा पर्याय, आहे का बघतो. नसेल तर तो मनाने निवड करत नाही, डिप्लॉयमेंटलाच, म्हणजे अॅप्लिकेशन चढवतानाच, थांबतो. एकावर @ऑनलाइन असा स्वतःचा क्वालिफायर लावला की त्याचं @डिफॉल्ट जातं आणि जागा दुसऱ्याला मिळते. पण @नेम्ड हा नाव देणारा क्वालिफायर लावून हा गुंता सुटत नाही, कारण @नेम्ड असूनही @डिफॉल्ट टिकतं! मुलं हमखास इथे आपटतात. तेव्हा 'समजावी' काढा: 'दोन बीन लागू पडले आणि निवड होऊ शकली नाही, तर कंटेनरने चूक दाखवून थांबलेच पाहिजे.'

मालवणचे गुरुजी: म्हणजे 'संदिग्ध' इथे पारिभाषिक. मग तो शब्द 'ख'साठी वापरू नका, तिथे संदेह नाहीच.

रत्नागिरीकर: 'ख'ला 'अनिश्चित' घालणार होतो.

कुडाळचा डेव्हलपर: 'अनिश्चित'ने वाटतं की अजून ठरायचंय, पुढच्या आवृत्तीत ठरेल. नियमाने काय ठरवलंय ते आधी लिही: कन्स्ट्रक्टर पहिला, मग फील्ड, मग मेथड, आणि वरच्या क्लासमधली फील्ड-मेथड खालच्या क्लासच्या आधी. एवढं पक्कं. एकाच क्लासमधल्या फील्डांत आधी कोण, हे मुद्दाम मोकळं सोडलंय. शब्द 'अनिर्दिष्ट', आणि जोडीला 'या क्रमावर कोडने विसंबण्यास मनाई आहे'.

दापोलीची अनुवादक: 'मनाई' मूळ मजकुरात आहे का?

कुडाळचा डेव्हलपर: नाही. तो माझा अनुभव बोलला.

दापोलीची अनुवादक: मग ते कंसात, तुमच्या नावावर. अनुवादाने नियम कडक करायचा नाही.

रत्नागिरीकर: एक जागा उरलीय आणि तिथे मूळच घोटाळ्याचं आहे. @इंजेक्टच्या वर्णनात म्हटलंय की मेंबर प्रायव्हेटसकट (क्लासबाहेरून न दिसणारा) कुठल्याही अॅक्सेसचा असू शकतो. पण इंजेक्टर नियम पाळतो का ते तपासणाऱ्या जेएसआर-३३०च्या सुसंगती-चाचणीत स्टॅटिक आणि प्रायव्हेट यांच्यासाठी हो-नाहीचे दोन वेगळे पर्याय आहेत. इंजेक्टर प्रायव्हेटला 'नाही' म्हणूनही चाचणी पास होतो. मग 'असू शकतो' म्हणजे नक्की काय?

मालवणचे गुरुजी: क्लास लिवणाऱ्याक मोकळीक दिली आणि इंजेक्टर बनवणाऱ्याक सुट्टी. दोघांका एकच वाक्य कसा पुरात?

दापोलीची अनुवादक: तिथे मात्र 'असू शकतो' तसंच ठेवा, माझा वरचा नियम मोडून. मूळ वाक्य कोणावर बंधन आहे ते सांगत नसेल तर आपण ते परस्पर सांगायचं नाही. खाली टीप द्या की चाचणी प्रायव्हेटला ऐच्छिक धरते.

रत्नागिरीकर: टीप देतो. 'ऐच्छिक' ठेवू की 'वैकल्पिक'?

कुडाळचा डेव्हलपर: 'ऐच्छिक'. 'वैकल्पिक' म्हटलंस तर मुलांना @अल्टरनेटिव्ह आठवेल.