मदत हवी आहे: यादीतले शब्द मजकुरात आहेत, तरी खूण लागत नाही

निळी_शाई
दोन दिवस यातच अडकले आहे. आरोग्यविषयक लेखांमध्ये लक्षणं आणि अवयव यांच्या शब्दांवर संगणकाकडून नियमांनी खुणा करून घ्यायच्या आहेत. प्रत्येक शब्दाची रूपं हाताने लिहून यादी केली. त्यातली काही सापडतात, काही नाही. 'घशात' सापडतं, 'घशाला' नाही, आणि खुद्द 'घसा'ही नाही! यादी दहा वेळा तपासली. सगळी रूपं एकदम पकडायचा उपाय हवाय. लवकर सांगा, परवा काम द्यायचंय.

काना_मात्रा
कशात करताय? गेट, स्पेसी असं भाषेवर काम करणारं तयार सॉफ्टवेअर, की स्वतःचा कोड? नियम नेमका कसा लिहिलाय? एखादं वाक्य द्या, त्याशिवाय काही सांगता येणार नाही.

रानपाखरू
रूपं लिहीत बसू नका. एडिट डिस्टन्स लावा, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं-मात्रा बदलाव्या लागतात ते मोजा, आणि दोनपर्यंतचा फरक चालवून घ्या. मी पत्त्यांच्या यादीवर केलं होतं, झकास चाललं.

जुना_खाती
रानपाखरू, पत्त्यांतल्या टंकनचुकांसाठी ते ठीक. मराठी रूपांसाठी अजिबात नको. 'ताप'पासून 'माप' एका बदलावर आहे आणि 'तापाने' तीन बदलांवर. म्हणजे नको तो शब्द आधी येईल आणि हवा तो बाहेर राहील.

रानपाखरू
मग शब्दाची सुरुवात जुळवा. तेवढं पुरतं.

जुना_खाती
'पोट'ने सुरू होणारे शब्द घ्या: पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू. शिवाय 'घसा'चं सामान्यरूप 'घशा'. स चा श झाला की सुरुवातही जुळत नाही. 'घस' एवढंच ठेवलं तर घसरण आत येते.

मेघदूत७
२०२५ उलटून गेलं तरी नियम? पाचशे वाक्यांवर खुणा करून मॉडेल शिकवा, रूपं ते आपोआप शिकेल.

निळी_शाई
@मेघदूत७, प्रत्येक खूण का लागली हे दाखवावं लागतं, म्हणून नियमच हवेत. @काना_मात्रा, पायथन आहे, सांगायचं राहिलं. साधं रेजेक्स (मजकुरात नमुना शोधायचं सूत्र), शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दाची सीमा सांगणारं बॅकस्लॅश बी. आणखी एक विचित्र प्रकार: 'संताप' आणि 'पश्चात्ताप' यांच्यातल्या 'ताप'वर खूण लागतेय.

काना_मात्रा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! तुमची यादी बरोबर आहे, शब्दसीमा चुकतेय. पायथनमध्ये रेजेक्स चालवणाऱ्या मूळ 'रि' मॉड्यूलला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही शब्दाची अक्षरंच वाटत नाहीत. 'घशाला' कान्यावर संपतो, पुढे जागा; त्याच्या मते दोन्ही शब्दाबाहेरचे, मग सीमा कुठली? 'घसा'चंही तेच. 'घशात' त वर संपतो, म्हणून सापडतो. 'संताप'मध्ये अनुस्वारानंतर त्याला नवा शब्द सुरू झालेला दिसतो, 'पश्चात्ताप'मध्ये हलन्तानंतर.
वेगळं मिळणारं 'रेजेक्स' नावाचं मॉड्यूल घ्या, त्यात मात्रा शब्दातच धरतात. नाहीतर स्वतः अट लिहा: आधी आणि नंतर यूनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरक्रमांकांच्या, देवनागरी पट्ट्यातलं (०९०० ते ०९७एफ) काही नसावं. त्याच पट्ट्यात दंडही येतो, तो मात्र वगळा, नाहीतर दंडाला चिकटून आलेला शब्द हुकेल.

शुद्धमती
लेखांत 'घशा मुळे' असे तोडून लिहिलेले आहे का? शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायला हवे. हल्ली कुणी पाळत नाही.

मेघदूत७
लोक लिहितात तसं यंत्राने वाचावं.

शुद्धमती
मजकूर नीट असेल तर यंत्राचे निम्मे काम आधीच होते. आणि लेख १९६२च्या लेखननियमांआधीचे असतील तर 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वारही भेटतील.

जुना_खाती
लेख जुने असल्याचं त्या कुठे म्हणाल्या? तोडून लिहिलेल्याचा मुद्दा मात्र खरा आहे, मधली जागा ऐच्छिक ठेवा. सीमा दुरुस्त झाली की हाताने रूपं लिहिणं थांबवा. प्रत्येक शब्दाला दोनच नोंदी: मूळ रूप आणि सामान्यरूप. घसा–घशा, खोकला–खोकल्या, जीभ–जिभे, सूज–सुजे. सामान्यरूपापुढे प्रत्ययांची एकच यादी: ला, ने, त, चा-ची-चे-च्या, मुळे, साठी, वर, पासून, आणि शेवटी ऐच्छिक च किंवा ही. 'घशातल्या'साठी 'तला'चीही सगळी रूपं घाला. खुणेला मूळ शब्द गुणधर्म म्हणून जोडा, म्हणजे मोजणी 'घसा'खाली एकत्र होईल.
दोन ठिकाणी मात्र माणसाचा डोळा लागेलच. 'तो खोकला' हे क्रियापद आहे. 'पायाला' हे पाय आणि पाया दोन्हींचं रूप आहे.

निळी_शाई
मॉड्यूल बदललं, घसा सापडला! संताप गेला! मनापासून आभार. आता फक्त 'चेहऱ्यावर' राहिलंय, काही लेखांत सापडतं, काहींत नाही. दिसायला अगदी सारखं.

टंकनप्रेमी
ऱ्य टंकायला इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ ची वेगळी कळ आहे. ती, मग हलन्त, मग य.

निळी_शाई
मला टंकायचं नाहीये, शोधायचंय.

काना_मात्रा
थांबा, उत्तर त्यातच आहे. काही जण ऱ, हलन्त, य असं टंकतात. काही जण साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, आणि य. पडद्यावर एकच, आत वेगळं. यूनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करायची ठरलेली पद्धत, हे एक करत नाही. र, हलन्त, जॉइनर दिसले की ऱ, हलन्त करायचं, हे शोधाच्या आधी स्वतःच करा, मजकुरावरही आणि यादीवरही. फक्त त्याने अक्षरांची संख्या बदलते, म्हणून खुणांच्या जागा मूळ मजकुरात घेणार असाल तर सरकलेला हिशेब जपून ठेवा.

निळी_शाई
जागा मूळ मजकुरातल्याच द्यायच्या आहेत. हेही आधी सांगायला हवं होतं. तो हिशेब कसा ठेवायचा?