आईसाठी प्रवासात नेता येईल अशी घडीची बॅटरी स्कूटर: कोणती घ्यावी?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी,

आई 67 वर्षांची आहे. आमवात बरीच वर्षं आहे. घरात टेबल-भिंतीला धरून चालते, ओट्याशी उभी राहून फोडणीही देते, पण बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत घोटे आणि गुडघे असह्य होतात. हाताची बोटंही थोडी वाकली आहेत. जूनमध्ये मी आणि आई दोन महिन्यांसाठी दादाकडे इंग्लंडमधल्या लेस्टरला जातोय, मुंबईहून विमानाने. दादा दिवसभर कामावर, म्हणजे फिरायचं आम्ही दोघींनीच.

व्हीलचेअरला आईचा ठाम नकार आहे. "तू ढकलणार आणि मी पुढे बघत बसणार, मला दुकानात मागे वळून काही बघायचं असलं तरी तुला सांगायचं?" असं म्हणते. स्कूटर चालवायला मात्र तयार आहे.

तीन पर्याय बघितले:

1) चारचाकी, रिमोटने आपोआप घडी होते, लिथियम बॅटरी 24 व्होल्ट 10 एएच (अँपिअर-अवर), वजन 27 किलो.
2) तीनचाकी, 19 किलो, लिथियम 36 व्होल्ट 10 एएच. ही आम्हाला आवडली होती.
3) चार-पाच भागांत सुटणारी, लेड-अ‍ॅसिड बॅटरीची. सगळ्यात स्वस्त.

बजेट दीड लाखापर्यंत. गाडी वॅगनआर, सीएनजी. विमानात बॅटरी चालते का, यावर प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो. कोणी वापरली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

सांगलीचा_दिनूकाका

सायली, मला लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर आहे. पन्नाशीनंतर कुबड्यांनी खांदे धरले तेव्हा घडीची स्कूटर घेतली. ती घेऊन दुबई, सिंगापूर, लंडन झालं, इकडे वेरूळ, गणपतीपुळे झालं. सविस्तर लिहितो, कारण या वस्तूबद्दल मराठीत कुठे धड माहिती मिळत नाही आणि लोकांचे लाख-सव्वा लाख अडकतात.

आधी बॅटरी, कारण तिच्यावर तुझा एक पर्याय लगेच बाद होतो. व्होल्ट गुणिले एएच केलं की वॉट-अवर येतात. विमानात चालणार की नाही हे त्या आकड्यावर ठरतं. घडीच्या स्कूटरची बॅटरी काढता येत असेल तर ती काढून केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवायची, स्कूटर खाली सामानात जाते. अशी एक बॅटरी असेल तर 300 वॉट-अवरपर्यंत चालते. स्कूटरला दोन बॅटऱ्या लागत असतील तर प्रत्येकी 160 पर्यंत. तुझी पहिली 240, बसते. दुसरी 360, बसत नाही. दुकानदार "अहो, सगळे नेतात" म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नकोस. लेड-अ‍ॅसिडची विमानात नेता येते, ती बंद प्रकारची, न सांडणारी असली म्हणजे झालं, पण तिचं वजन बघ. 12 व्होल्ट 12 एएचची एक बॅटरी साडेतीन-चार किलोची, आणि तशा दोन लागतात.

चेक-इन काउंटरवर एक घोळ हमखास होतो. पॉवर बँकेचा नियम 100 वॉट-अवरचा आहे, तोच लावून तिथली पोरं "ही बॅटरी चालणार नाही" म्हणतात. दिव्यांगांच्या साधनांचा नियम वेगळा आहे आणि त्याला एअरलाइनची आगाऊ मंजुरी लागते. म्हणून तिकीट काढल्या काढल्या एअरलाइनला मेल कर. मेलमध्ये स्कूटरची घडी केल्यावरची लांबी-रुंदी-उंची, वजन, बॅटरीचे वॉट-अवर आणि बॅटरीवरच्या लेबलचा फोटो दे. बुकिंगमध्ये डब्ल्यूसीएलबी हा कोड टाकून घे, म्हणजे लिथियम बॅटरीचं चाकाचं साधन. आईला विमानाच्या पायऱ्या चढता येतात की नाही त्याचा कोड वेगळा असतो, तोही नोंदवून घे. उशिरात उशिरा 48 तास आधी हे सगळं झालेलं असू दे. मंजुरीच्या मेलची छापील प्रत हातात ठेव. एकदा काउंटरवर पाऊण तास उभं राहून मी ही प्रत दाखवत होतो. तीन माणसं बदलली, चौथ्या बाईंनी कागद नीट वाचला आणि दोन मिनिटांत काम झालं.

आता वजन. ही उचलणार कोण, हे आधी ठरवा. 27 किलो सपाट जमिनीवर उचलणं वेगळं आणि डिकीच्या काठावरून वाकून आत ठेवणं वेगळं. वॅगनआर सीएनजीच्या डिकीत तर टाकी, म्हणजे स्कूटर मागच्या सीटवर, दारातून तिरकी करून घालायची. तू एकटीने हे दिवसातून चार वेळा करणार असशील तर एका खेपेला 15-16 किलोच्या वर जाऊ नकोस. म्हणजे दोन भागांत सुटणारी बघ. इस्रायलची अ‍ॅटो ट्रॉली बॅगेसारखी बंद होते आणि तिचे दोन भाग होतात, पण ती तुमच्या बजेटच्या बरीच वर आहे. त्याच धर्तीच्या दुसऱ्या मिळतात.

दुकानात जाताना घरचा वजनकाटा घेऊन जा. छापील वजन पुष्कळदा बॅटरी काढून लिहिलेलं असतं, कधी सीट आणि सीटचे हातही काढून. आणि रिमोटची घडी दिसायला छान, पण तिची मोटर म्हणजे जास्तीचं वजन. ती अडली तर हाताने घडी करायची सोय आहे का, हे दुकानदाराला विचारू नकोस, करून दाखवायला सांग.

तीन चाकं की चार? तीनचाकी जागच्या जागी वळते, लिफ्टमध्ये बरी, पण वळणावर किंवा रस्त्याच्या उतरत्या कडेला कलंडायची भीती असते. आईचा तोल कसा आहे त्यावर ठरवा. मी चारचाकीच सुचवीन.

प्रवासी स्कूटरची चाकं लहान आणि पोट जमिनीपासून दोन-तीन इंच, हे मनाशी धरून चला. आपल्याकडचे स्पीडब्रेकर, उंबरठे, पेव्हर ब्लॉकच्या फटी तिला झेपत नाहीत. वेरूळला ती कैलास लेण्याच्या दारापर्यंत आली, आतल्या खडबडीत दगडावर मी काठी घेऊन उतरलो. रॅम्पचंही तसंच. नियमाने 1:12, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी असावी. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत जागा उरली म्हणून फरशी तिरकी टाकलेली असते. तशा ठिकाणी आईला बसवून चढवू नकोस, स्कूटर रिकामी चढव.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. मागे मोटरजवळ एक छोटा खटका असतो, तो सोडला की स्कूटर हाताने ढकलता येते. त्या स्थितीत ब्रेक लागत नाही. आई बसलेली असताना, विशेषतः उतारावर, तो कधीही सोडायचा नाही. हे आईलाही दाखवून ठेव.

---

मुग्धा_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दिनूकाकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त हातांबद्दल लिहिते, कारण आमवातात खरी अडचण तिथे येते.

बहुतेक स्कूटरला हँडलवर एक पट्टी असते: तिची उजवी बाजू अंगठ्याने दाबली की पुढे, डावी बाजू दाबली की मागे. सोडली की थांबते. म्हणजे चालत असेपर्यंत अंगठा दाबलेलाच. आईंचा अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुखत असेल तर दहा मिनिटांत त्रास सुरू होईल. काही हँडल त्रिकोणी, बंद घेराची असतात. त्यात पट्टी अंगठ्याने दाबता येते किंवा चार बोटांनी ओढता येते, हात आळीपाळीने बदलता येतो. तशी मिळाली तर बघा. दुकानात एक चक्कर मारून समजत नाही. वीस मिनिटं सलग चालवू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं कशी आहेत ते विचारा.

सीटला हात असायलाच हवेत आणि ते भक्कम हवेत. आई उठताना त्यावर भार टाकणार आहेत. ट्रॅव्हलस्कूटसारख्या अगदी हलक्या स्कूटरला कापडी सीट असते. तरुण, मनगटं मजबूत असलेल्या माणसाला ती उत्तम, तुमच्या आईंना नाही. सीट जितकी उंच तितकं गुडघ्यांना उठणं सोपं. घरातल्या ज्या खुर्चीवरून त्या सहज उठतात तिची उंची टेपने मोजून न्या.

---

मिडलँड्सकर

लेस्टरजवळच राहतो. इकडचं सांगतो.

फुटपाथवर चालणाऱ्या स्कूटरला इथे ताशी 4 मैलांची मर्यादा आहे, साधारण साडेसहा किलोमीटर. लायसन्स, नोंदणी काही लागत नाही. 8 मैलांच्या, रस्त्यावर चालणाऱ्या मोठ्या स्कूटरचा वर्ग वेगळा, त्याची नोंदणी लागते. फुटपाथच्या कडा चौकात उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे लहान चाकं अडत नाहीत.

लंडनला जाल तर बसमध्ये 60 सेंटीमीटर रुंद आणि 1 मीटर लांबपर्यंतची स्कूटर घेतात, तेव्हा उघडलेल्या स्थितीतली लांबी मोजूनच घ्या. बऱ्याच स्कूटर तिथे थोडक्यात चुकतात. ट्यूबची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, सगळी स्टेशनं बिनपायऱ्यांची नाहीत, नकाशावर व्हीलचेअरची खूण बघून मार्ग ठरवा. लेस्टर ते सेंट पँक्रास ट्रेनला पॅसेंजर असिस्ट आधी सांगून ठेवा, फुकट असतं, माणूस रॅम्प घेऊन दारात येतो.

चार्जर 230 व्होल्टवर इथेही चालेल, फक्त प्लग तीन चौकोनी पिनांचा. आणि पाऊस! जूनमध्येही येतो. हँडलवरच्या बटणांना प्लॅस्टिकची टोपी ठेवा, या स्कूटर भिजायला बनवलेल्या नसतात.

---

राजेश_ठाणे

एवढा खर्च कशाला? विमानतळावर व्हीलचेअर फुकट मिळते, इंग्लंडमध्ये स्कूटर भाड्याने मिळतात. दोन महिन्यांसाठी दीड लाख?

---

मिडलँड्सकर

भाड्याने मिळतात, खरं आहे. बऱ्याच गावांत शॉपमोबिलिटीची केंद्रं आहेत, पण तिथली स्कूटर साधारण त्या बाजारपेठेपुरती, संध्याकाळी परत द्यायची. आधी एक दिवस तशी वापरून बघायला हरकत नाही. आठवड्यांच्या भाड्याचं दुकानांना आधी विचारून ठेवावं लागतं.

---

सांगलीचा_दिनूकाका

राजेश, हिशोब तुझा बरोबर आहे, पण सायलीची आई लेस्टरहून परत नाशिकला येणार आहे. तिथेही तिला भाजी आणायची आहे, बहिणीकडे जायचंय, लग्नाला जायचंय. व्हीलचेअरवर माणसाला कोणीतरी नेतं. स्कूटरवर तो स्वतः जातो, थांबावंसं वाटलं तिथे थांबतो, नको त्या माणसापासून लांब जातो. मी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या सोयीने बाहेर पडलोय, म्हणून सांगतो. परवडत असेल तर घ्यावी.

सायली, विकत घेताना सर्व्हिस कुठे मिळते ते बघ. बॅटरी, चार्जर आणि हँडलमधला वेग कमी-जास्त करणारा पॉट (पोटेन्शिओमीटर), हे तीन भाग किती दिवसांत आणून देतात ते लेखी घे. बाहेरून मागवलेली स्वस्त स्कूटर एका चार्जरसाठी महिनोन् महिने कोपऱ्यात पडून राहिलेली मी पाहिली आहे.

विमानतळावर स्कूटर ताब्यात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढ. बास्केट, किल्ली, उशी, सुटं होईल ते सगळं काढून केबिनमध्ये घे. घडी कशी करायची आणि ढकलायचा खटका कुठे आहे, हे इंग्रजीत लिहून हँडलला बांध, नाहीतर लोडर ती ब्रेक लागलेल्या चाकांवर फरफटवतात. उतरल्यावर काही मोडलेलं दिसलं तर विमानतळ सोडायच्या आधी लेखी तक्रार नोंदव.

---

सायली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. 36 व्होल्टवाली रद्द. काल आईला घेऊन पुन्हा दुकानात गेलो, काटा नेला होता. 27 किलोवाली बॅटरीसकट 29.6 भरली! मला ती मागच्या सीटवर चढवता आली नाही, हे स्पष्टच झालं.

तिथेच दोन भागांत सुटणारी चारचाकी होती, आधी आम्हाला दाखवलीच नव्हती. जड भाग 15.8 किलो, तो मी उचलला. लांबी 97 सेंटीमीटर. सीटला हात आहेत, हँडल त्रिकोणी आहे. आईने दुकानाबाहेरच्या गल्लीत पंचवीस मिनिटं चालवली, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे स्वतः जाऊन गजरा घेऊन आली. आज सकाळी बोटं नेहमीसारखीच आहेत म्हणते, जास्त नाही.

एकच शंका. दुकानदार 24 व्होल्ट म्हणतो, पण बॅटरीच्या लेबलवर 25.2 व्होल्ट, 11.6 एएच लिहिलंय. कोणता आकडा धरायचा?

---

सांगलीचा_दिनूकाका

लेबलवरचा. काउंटरवर तोच वाचतात. 25.2 गुणिले 11.6 म्हणजे 292.3, बसते. लेबलवर वॉट-अवरही छापलेले आहेत का बघ. नसतील तर दुकानदाराकडून कंपनीचं पत्र घे, आणि यूएन 38.3 चाचणीचा, म्हणजे लिथियम बॅटरीच्या वाहतुकीतल्या सुरक्षिततेच्या चाचणीचा, कागदही माग, तो बॅटरी बनवणाऱ्याकडे असतोच. दोन्ही मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. बॅटरी काढल्यावर तिच्या टोकांना झाकण आहे का? नसेल तर चिकटपट्टी लावून कापडी पिशवीत ठेवायची.